हिंगात हिंग किती

हिंगाची डबी आपण झाकणाकडूनच ओळखतो. मोहरी तडतडली की डबी कढईवर धरायची, बोटाने टिचकी मारायची, उग्र वास वर आला की झाकण लावून मोकळं व्हायचं. डबीच्या पाठीवर काय छापलंय ते वाचायला त्या घाईत कुणाला सवड असते? पण एकदा वाचलं की ते डोक्यातून जात नाही. घटक : खाद्य डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यायची असते. म्हणजे ज्याचं नाव पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत मिरवतंय, ते आत सगळ्यात कमी. यात फसवणूक नाही. हिंग म्हणजे फेरुला या वनस्पतीच्या मुळाला चीर दिल्यावर पाझरणारा आणि मग घट्ट होणारा चीक. शुद्ध हिंग इतका जहाल की घरगुती चिमटीला तो झेपत नाही. म्हणून डिंकात आणि मैद्यात किंवा तांदळाच्या पिठात मळून त्याला माणसात आणतात. व्यापारात त्याला बंधानी हिंग म्हणतात, आणि आपल्या बहुतेकांच्या घरात तोच असतो.

आता समजा, संगणकात काही हजार पाककृती आहेत आणि त्यातून ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, नसलेल्या वेगळ्या काढायच्या आहेत. आमटीची पाळी येते. तूरडाळ, चिंच, गूळ, कढीपत्ता, गोडा मसाला, चिमूटभर हिंग. संगणक एकेक नाव तपासतो. हिंग हा मसाला, मसाला वनस्पतीचा, वनस्पती फेरुला, फेरुला हे गाजर-कोथिंबिरीचं कूळ, गव्हाशी त्याचं सोयरसुतक नाही. सबब आमटी ग्लुटेनमुक्त.

प्रत्येक पायरी बरोबर आणि उत्तर चूक.

एखादा पदार्थ म्हणजे काय आणि त्याचं दुसऱ्या पदार्थाशी नातं काय, हे यंत्राला कळेल अशा काटेकोर भाषेत मांडणाऱ्या आराखड्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. शब्द तत्त्वज्ञानातून उचललेला आहे, मराठीत त्याला सत्ताशास्त्र असा भारदस्त प्रतिशब्दही आहे. पण संगणकवाल्यांची ऑन्टॉलॉजी ब्रह्म शोधत नाही, तिला फक्त मोहरी कुठे ठेवायची ते ठरवायचं असतं. तेवढंही सोपं नाही. मिसळणाचा डबा उघडून पाहा. मोहरी हे बी, जिरं हे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात फळ, हळद हा जमिनीखालचा खोडाचा भाग, लाल तिखट म्हणजे वाळवून कुटलेलं फळ, आणि हिंग म्हणजे वर सांगितलेली भानगड. एकमेकांशी नातं नसलेल्या या वस्तू शेजारी नांदतात, कारण कढईत त्या एकापाठोपाठ एक पडतात. मिसळणाचा डबा हे वापराचं वर्गीकरण आहे आणि वापरापुरतं ते बिनचूक आहे. गोंधळ होतो तो या डब्यालाच कुणी वनस्पतिशास्त्र समजू लागलं की.

नवशिक्याकडून हमखास होणारी पहिली चूक म्हणजे एकच झाड काढणं. वर ‘अन्न’, खाली ‘शाकाहारी’ आणि ‘मांसाहारी’, त्याखाली ‘धान्य’, ‘कडधान्य’, ‘भाज्या’, ‘फळं’, ‘मसाले’. फळ्यावर काढलं की छान दिसतं. मग हरभरा येतो. थंडीत त्याचा कोवळा पाला खुडून भाजी करतात, खुडताना पानांवरच्या आंबेने बोटं आंबट होतात. घाटे भरले की आतले हिरवे दाणे म्हणजे सोलाणे. वाळले की हरभरे. भरडून साल काढली की डाळ, डाळ दळली की बेसन. अख्खे हरभरे भट्टीतल्या तापल्या वाळूत फुलवले की फुटाणे, आणि फुटाण्यांची साल काढून दोन फाका केल्या की डाळं, ज्याच्याशिवाय चिवड्याला चिवडा म्हणत नाहीत. नावं सात, झुडूप एक. स्वयंपाकाच्या झाडात ती चार-पाच फांद्यांवर विखुरतात. मग हरभऱ्याची ॲलर्जी असलेल्या माणसासाठी फांदी न् फांदी हुडकावी लागते. वनस्पतीच्या जातीनुसार झाड काढलं तर ती सोय होते, पण ‘पालेभाज्या दाखव’ म्हटल्यावर शंभर फांद्यांवर उड्या माराव्या लागतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे जे तक्ते काढले, त्यात ५२८ पदार्थ २० गटांत लावले आहेत. त्यात ओला मटार भाज्यांत आहे आणि वाळलेला वाटाणा कडधान्यांत. शेंगदाणा हरभऱ्याच्याच कुळातला, पण तो सुकामेवा आणि तेलबियांच्या गटात. पोषणाच्या दृष्टीने हे योग्यच आहे, शेंगदाण्यातलं तेल त्याला तिथे ओढून नेतं. तेव्हा दोष गटांचा नाही. सगळे प्रश्न एकाच झाडाला टांगायचे, हा हट्ट चुकीचा.

यावरचा उपाय जुना आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात लँगुअल नावाच्या पद्धतीची सुरुवात झाली. तिने पदार्थाला एका खणात न ठेवता त्याला ठरावीक प्रश्न विचारले : कुठल्या प्राण्याचा किंवा वनस्पतीचा? कुठला भाग? आकार-अवस्था कोणती? उष्णता किती लागली? शिजवण्याची रीत कोणती? टिकवलंय कसं? कशात भरलंय? डाळं या पद्धतीने सांगायचं तर – उगम हरभरा, भाग बी, साल काढलेली, दोन फाका, कोरडी भाजणी, पाण्यावाचून शिजलेलं. बेसन – उगम तोच, भाग तोच, दळलेलं, उष्णता नाही. आता ‘उगम हरभरा’ एवढंच विचारलं की सातही नावं पुढे येतात, आणि ‘कच्चं आणि दळलेलं’ विचारलं की बेसनाशेजारी तांदळाची पिठी येऊन बसते. या पायावर पुढे फूडऑन ही सर्वांना खुली ऑन्टॉलॉजी उभी राहिली, तिच्यावरचा शोधनिबंध २०१८ साली प्रसिद्ध झाला. तिने सजीवांची नावं, वनस्पतींचे अवयव, रसायनं ही प्रत्येक बाब त्या त्या विषयाच्या स्वतंत्र ऑन्टॉलॉजीकडून उसनी घेतली. ही उसनवारी शहाणपणाची आहे, पण हात राखून करावी. सजीवांच्या वर्गीकरणाचं अख्खं बाड आणलं तर लाखो नावांखाली आपले दोनशे पदार्थ गुदमरतात आणि संगणक तासभर विचार करत बसतो. हवी तेवढी नावं आणि त्यांचे वरचे पूर्वज उचलावेत, बाकीचं जिथल्या तिथे राहू द्यावं.

कामाला बसताना मात्र सॉफ्टवेअर उघडू नये. आधी कागदावर पंधरा-वीस प्रश्न लिहावेत, ज्यांची उत्तरं या आराखड्याने दिलीच पाहिजेत. ‘चिंच नसेल तर काय घालू?’ ‘जैन पाहुण्यांना यातलं काय वाढता येईल?’ ‘तिळाची ॲलर्जी असलेल्याने गोडा मसाला खावा का?’ ज्या भेदामुळे यातल्या एकाही उत्तरात फरक पडत नाही, तो भेद आराखड्यात नको. मग नावं गोळा करावीत, पाककृतींतून, वाण्याच्या यादीतून, पुड्यांवरच्या लेबलांवरून. शेवटचा उगम सोडू नये, हिंगाने तेच शिकवलं. मग प्रत्येक नावाची फोड करावी : उगम, भाग, प्रक्रिया, अवस्था. एवढं झालं की मगच प्रोटेजेसारखं ऑन्टॉलॉजी लिहिण्याचं साधन उघडून व्याख्या लिहाव्यात आणि तर्कयंत्र चालवावं. ते यंत्र व्याख्या वाचून आपली आपण वर्गवारी करतं, आणि आपण न बघितलेल्या विसंगती फटकन दाखवतं. पहिल्यांदा चालवलं की हमखास काहीतरी भलतंच निघतं. दगडफूल ‘वनस्पती’ नाही म्हणून गोडा मसाला शाकाहारी नाही, असं उत्तर आलं तर दचकू नये. दगडफूल खरोखरच वनस्पती नाही, ती बुरशी आणि शैवाल यांची एकत्र नांदणारी जोडी आहे. चूक यंत्राची नाही. ‘शाकाहारी म्हणजे फक्त वनस्पतीपासूनचं’ अशी व्याख्या लिहिणाऱ्याची आहे. त्याच व्याख्येने मीठही बाद होतं आणि दूधही.

नावांचं प्रकरण सगळ्यात चिकट. डाळ आणि डाळं यांच्यात एका अनुस्वाराचा फरक. शोध सोपा व्हावा म्हणून अनुस्वार पुसून टाकणारा प्रोग्राम कुणीतरी लिहितो आणि चटणीत कच्ची डाळ पडते. ‘तिखट’ ही चव आहे आणि डब्यातली पूडही. साबुदाण्याला इंग्रजीत सॅगो म्हटलं की दुवा जातो सॅगोच्या ताडाकडे, आपला साबुदाणा मात्र कसाव्याच्या कंदाचा. कारळं म्हणजे नायजर आणि कलौंजी म्हणजे नायजेला. दोन्ही बिया काळ्या, दोन्ही नावं सारखी, कुळं वेगळी आणि चव तर अजिबातच वेगळी. आणि बोंबील! इंग्रजी नावावर विसंबून वर्गवारी केली तर ‘बॉम्बे डक’ थेट बदकांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. म्हणून प्रत्येक संकल्पनेला निरर्थक क्रमांक द्यायचा आणि नावं त्याला चिकटवायची, प्रत्येक नावाबरोबर भाषा आणि मुलूख. क्रमांकात अर्थ भरायचा मोह टाळावा. ‘मसाला-०१२’ असा क्रमांक दिला आणि उद्या ती वस्तू मसाला नसल्याचं ठरलं, तर क्रमांक खोटं बोलत राहतो. आणि चुकलेली नोंद पुसायची नसते, तिच्यावर ‘वापरू नये, त्याऐवजी अमुक’ असा शेरा मारून ती ठेवायची, कारण कुणाच्या तरी वहीत तो जुना क्रमांक आहेच.

हे सगळं पटतं, तरी कोकमापाशी हात जरा अडखळतो. एका फळाची साल मिठाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवली की ती होते आमसूल, कुठे कोकम, कुठे नुसतं सोलं. रसात मीठ घालून ठेवलं की आगळ. बियांतलं तेल थिजवून वळलेला गोळा म्हणजे मुठेल, भेगाळलेल्या टाचांना लावायचं तेच कोकणात जेवणातही येतं. आराखड्यात आमसूल, कोकम, सोलं यांना एकच क्रमांक मिळतो, तसाच मिळायला हवा. पण ‘सोलं’ म्हणणारा माणूस आणि ‘आमसूल’ म्हणणारा माणूस वेगळ्या घाटाचे असतात, हे त्या क्रमांकातून निसटतं. नावाला मुलूख चिकटवायचा तो केवळ अचूकपणासाठी नव्हे, थोडा यासाठीही.

‘चिंच नसेल तर काय’ या प्रश्नाचं उत्तर वर्गवारीत नसतं. चिंच, आमसूल, कैरी, आमचूर, ताक, टोमॅटो यांचं कूळ एक नाही, अवयव एक नाही, एक तर दुधाचं आहे. एक आहे ते काम : आंबटपणा आणणं. काम ही पदार्थाची जात नसते, पदार्थाने वठवलेली भूमिका असते. ‘आंबट पदार्थ’ नावाचा वर्ग काढून त्यात ताक कोंबलं की पुढच्या खेपेला कढीतल्या ताकाऐवजी चिंच सुचवली जाते. भूमिका पदार्थाला न चिकटवता पाककृतीतल्या वापराला चिकटवावी. आमटीतली चिंच आंबटासाठी, कढीतलं ताक अंगासाठीही. उलट, कूळ एक म्हणून बदली चालेल असंही नाही. आपलं तिरफळ आणि चिनी सिचुआन मिरी एकाच झँथोझायलम वंशातली, दोन्ही जिभेला मुंग्या आणतात. पण तिरफळ बांगड्याच्या तिखल्यात अख्खं, जरासं ठेचून घालतात आणि जेवताना बाजूला काढतात. ‘घातलेलं’ आणि ‘खाल्लेलं’ हेही दोन वेगळे संबंध आहेत. पातोळ्यांच्या हळदीच्या पानाला विचारा. ते घटक की भांडं? वास त्याचा, पोटात जात नाही.

आता उपवास.

उपवासाला बटाटा चालतो, मिरची चालते, दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या. साबुदाणा चालतो, त्याचा कसावाही तिथलाच. तांदूळ चालत नाही, पण वरई चालते, जी सरळसरळ गवताचं बी आहे, म्हणजे तांदळाचीच चुलत बहीण. मोहरीची फोडणी नाही, जिऱ्याची चालते. कोथिंबीर एका घरात चालते, शेजारच्या घरात नाही. कुळातून, अवयवातून, प्रक्रियेतून हे नियम काढून दाखवा, तर्कयंत्राची वाचा बसते. जैन स्वयंपाकाचं उलट आहे. तिथे नियम आहे आणि तो बऱ्यापैकी काटेकोर लिहिता येतो, फक्त शब्द जपून निवडावे लागतात. ‘मुळं वर्ज्य’ लिहिलं तर बटाटा सुटतो, कारण तो खोड आहे. कांदाही सुटतो, तो जाडावलेल्या पानांचा गड्डा. ‘जमिनीखाली वाढणारं वर्ज्य’ लिहिलं तर शेंगदाणा अडकतो, जो सर्रास खाल्ला जातो. ‘जमिनीखालचा, अन्न साठवणारा, पुन्हा फुटू शकणारा, ताजा अवयव’ एवढं लिहिलं की बटाटा, कांदा, गाजर, आलं वर्ज्य होतात आणि सुंठ, वाळलेली हळद चालतात. व्यवहारात सर्वसाधारणपणे असंच असतं. उगम तोच, भाग तोच, फरक फक्त वाळवण्याचा. फोड करून ठेवली नसती तर आलं आणि सुंठ वेगळी करता आली नसती. तेव्हा जैन आहाराची व्याख्या करता येते, उपवासाची मात्र यादीच द्यावी लागते. आणि चातुर्मासातला कांदा? त्याला तर तारीखही लागते. कांदेनवमीला भरपेट, दोन दिवसांनी एकादशीपासून बंद.

इथे मराठीनेच वाट दाखवून ठेवली आहे, असं मला वाटतं. आपण ‘कोथिंबीर उपवासाची आहे’ असं क्वचितच म्हणतो. आपण म्हणतो, ‘आमच्यात चालते.’ त्या ‘आमच्यात’मध्ये अख्खा धडा आहे. चालणं हा कोथिंबिरीचा गुण नाही. पदार्थ, व्रत आणि घर या तिघांमधलं ते नातं आहे. आउल या ऑन्टॉलॉजीच्या भाषेत एक संबंध दोघांनाच जोडतो, तिसऱ्याला जागा नसते. म्हणून मध्ये एक वेगळी नोंद करावी लागते, जणू एक चिठ्ठी : ‘या घरात, या व्रताला, हा पदार्थ, चालतो.’ चिठ्ठ्या वाढतात, पण दोन घरांच्या चिठ्ठ्या एकमेकींशी भांडत नाहीत. ‘उपवासाचे पदार्थ’ असा वर्ग काढला असता तर कोथिंबीर त्यात आहे आणि नाही अशा दोन वाक्यांनी सगळा आराखडाच विसंगत ठरला असता.

गोडा मसाला हा घटक आहे की पदार्थ, असा वाद घालायचं कारण नाही, तो दोन्ही आहे. आमटीत तो घटक, आपल्यापुरता तो धने, तीळ, खोबरं, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, लवंग, दालचिनी यांची पाककृती. म्हणून ‘घटक आहे’ हा संबंध खाली झिरपणारा ठेवावा : तीळ मसाल्यात, मसाला आमटीत, म्हणून तीळ आमटीत. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा प्रमुख ॲलर्जीकारक म्हणून लेबलवर सांगावा लागतो. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरातल्या आमटीचा प्रश्न या झिरपण्यावाचून सुटत नाही. ‘आहे’ मात्र जसं झिरपतं तसं ‘नाही’ झिरपत नाही. आमटीत तीळ आहेत म्हणायला एक तीळ सापडला की पुरे. तीळ नाहीत म्हणायला सगळी यादी संपली आहे याची खात्री लागते. आउलचं तर्कयंत्र तर मुळात असंच मानतं की न सांगितलेली गोष्ट खोटी नसते, अजून कळलेली नसते. त्यामुळे ते साध्या भातालाही ग्लुटेनमुक्त म्हणायला तयार होत नाही, कारण भातात गहू नाही असं आपण कुठे लिहिलंय? हिंगाला डोळे झाकून पास करणारा प्रोग्राम याच्या बरोबर उलटा. लिहिलेलं नाही म्हणजे नाहीच, असं तो धरून चालतो. एक भाबडा, एक संशयी. संशयी यंत्राला ‘यादी इथे संपली’ असं स्पष्ट सांगावं लागतं, आणि ते कुठे सांगायचं यातच कसब आहे. निवडलेल्या तांदळाच्या दाण्यापाशी यादी संपवता येते, तो तांदूळच आहे. पुडीत भरून विकल्या जाणाऱ्या मालापाशी ती आपण संपवायची नसते, लेबलने संपवायची असते.

तर हिंग. एका नावाच्या जागी तीन नोंदी लागतात. पहिली हिंगाचा चीक, उगम फेरुला, भाग मुळातला स्राव. दुसरी बंधानी हिंग, म्हणजे त्या चिकाचं डिंक आणि कुठल्या तरी पिठाबरोबरचं मिश्रण. पीठ गव्हाचं की तांदळाचं ते मोकळं सोडायचं, कारण बाजारात दोन्ही आहेत. खडा की पूड ही वेगळी बाब, खडा म्हणजे शुद्ध असं समजायचं कारण नाही. आणि तिसरी, पाककृतीत लिहिलेला ‘हिंग’ हा नुसता शब्द, जो या दोहोंपैकी कशाकडेही बोट दाखवू शकतो. चिमूटही मोजून बघावी. पाव ग्रॅमची चिमूट, त्यात निम्मा मैदा आणि मैद्यात दहा टक्के ग्लुटेन धरलं, तर साडेबारा मिलिग्रॅम होतात. ग्लुटेनमुक्त मालासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम. एक किलो आमटीत ही चिमूट मर्यादेच्या आत बसते, अर्ध्या किलोत बाहेर जाते. चिमूट तीच, फरक पातेल्याचा. सीलिएक, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा आजार, असलेल्याने अर्थातच या गणिताच्या भरवशावर राहू नये, त्याच्यासाठी तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो.

असा आराखडा केल्यावर आमटीबद्दल विचारलं की संगणक ‘हो’ म्हणत नाही, ‘नाही’ही म्हणत नाही. तो म्हणतो, हिंगापाशी अडलंय, डबी उलटून बघा.